संपर्कासाठी माझा नंबर

अक्कलकोट रोडच्या ज्या टॉवेल कारखान्यात मी हजेरी लिहितो, तिथं यंत्रमागांच्या खडखडाटात कुणालाच फोन ऐकू येत नाही. माझं टेबल तेवढं बाहेर, गेटजवळ. म्हणून पोरांच्या शाळेपासून कर्जाच्या अर्जापर्यंत कामगार सगळीकडं माझाच नंबर देतात. मीही कधी कुणाला नाही म्हटलं नाही. भिडस्त माणूस, दुसरं काय.

टॉवेलांना शिलाई मारणाऱ्या एका बाईंनी नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढलं, तेव्हाही तेच. हप्ते थकले आणि वसुलीवाला माझ्यामागं लागला. चहा तोंडाला लावला की फोन, डबा उघडला की फोन. आधी साहेब म्हणायचा, मग अरे-तुरेवर आला. मी बाईंना निरोप दिला की त्या हात जोडायच्या. विनवणी एकच, मंगळवेढ्याकडं आईला कळू देऊ नका. म्हातारी एकटी, चार शेळ्यांवर जगणारी. कळलं तर शेळ्या विकून मोकळी होईल.

पंधरा दिवसांत मी पार विटलो. एका दुपारी त्यानं विचारलं, बाईचं दुसरं कोण आहे? रजिस्टरमध्ये आईचा नंबर होता, तो मी वाचून दाखवला. फोन बंद झाले आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

आठवड्यानं बँकेत गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मॅडमना बोलता बोलता हे सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, वसुलीवाल्यानं कर्जदाराशी नाहीतर जामीनदाराशी बोलायचं, तेही सकाळी आठ ते संध्याकाळी सातच्या आत. इतरांना छळायचा त्याला अधिकारच नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीकडं लेखी तक्रार करायची, महिनाभरात दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. तुम्ही जामीन होता का? मी नव्हतो. मला फोन करू नका, एवढंच म्हणायचं होतं, आणि तेवढंही माझ्याच्यानं झालं नव्हतं. स्वतःचाच संताप आला.

त्यांच्याकडून तक्रारीचा मजकूर लिहून घेऊन परतलो, तर गेटवर बाई आणि एक म्हातारी उभ्या होत्या. म्हातारी सकाळच्या एसटीनं आलेली, पदराच्या गाठीत पैसे. मला बघून ती पुढं आली.

"बरं झालं बगा सायेब, तुमी त्याला माजा नंबर दिला. लेक कवाच बोलली नसती. शेळ्या काय, परत हुतील की."

बाई तिच्या मागं उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.