अजिंक्यचं कपाट

मांडवीच्या गोदूबाईशी भाव करायला फारसं कुणी धजावत नाही. तिच्या पाटीतला बांगडा ताजाच असतो, आणि तो ताजा आहे का असं विचारणाऱ्याला ती सरळ दुसरीकडे पाठवते. अख्खा मासळीबाजार तिच्या तोंडाला बिचकून असतो. पण वर्षातून एकदा, मुलाच्या तिथीला, हीच बाई न्हाऊन, घडीचं पातळ नेसून कॉलेजच्या ग्रंथालयात जाते आणि दारात चपला काढून गुपचूप उभी राहते, कुणीतरी आत या म्हणेपर्यंत.

अजिंक्य तिचा एकुलता एक. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तापाचं निमित्त झालं आणि गेला. लोक म्हणाले, देवळात त्याच्या नावाची घंटा दे. गोदूबाईने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि त्याच्या सरांनी सांगितली ती पुस्तकं घेऊन कॉलेजला दिली. पोरगा होता तेव्हा घरी येऊन एकच रडगाणं गायचा: पुस्तक एक, मागणारे दहा, आजही मिळालं नाही. दुसऱ्या कुणाचा पोरगा असा हात हलवत घरी जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. कॉलेजने काचेचं कपाट दिलं, वर अजिंक्यचं नाव रंगवलं, आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. दर तिथीला ती पदराने काच पुसायची. पुस्तकांना मात्र हात लावायची नाही. मासळीचे हात कितीही धुतले तरी वास राहतोच, असं तिचं म्हणणं. निघताना ग्रंथपाल वेदिकाला विचारायची, "वाचतात ना गो पोरं?" वेदिका म्हणायची, "वाचतात, मावशी."

यंदा ग्रंथालयात जागा करायची ठरली. मुलांना बसायला अभ्यासिका हवी होती, संगणक हवे होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. प्राध्यापकांची समिती बसली. वर्षानुवर्षं कुणी नेली नाहीत आणि ज्यांचा अभ्यासक्रम कधीच बदलून गेला, ती पुस्तकं काढून टाकावीत असं म्हणाली आणि चहा पिऊन उठली. पुढचं सगळं वेदिकाच्या गळ्यात पडलं. तिने गोदूबाईला फोन केला आणि "जरा येऊन जा" एवढंच सांगितलं.

गोदूबाई आली तेव्हा कपाट उघडं होतं आणि पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधून जमिनीवर ठेवले होते. तिला काही सांगावं लागलं नाही. शिळा माल बाजूला काढलेला तिला कळत नाही होय?

"काढलीस सगळी?"

"हो, मावशी. आता अभ्यासाला दुसरी पुस्तकं आहेत." वेदिकाला तिच्याकडे बघवेना. "आणि मी तुमच्याशी खोटं बोलत आले. सुरुवातीला मुलं मागून मागून न्यायची. मग थांबली. त्यानंतर इतक्या वर्षांत यांना कुणी हात लावलेला नाही."

गोदूबाई बाकावर बसली. पाटल्यांचं दुःख तिला नव्हतं. एवढी वर्षं आपण पोराला इथे जागतं ठेवलंय अशी तिची समजूत होती, आणि इथे तर कपाटाकडे कुणी फिरकतही नव्हतं. पोरगा आपल्याला न सांगता दुसऱ्यांदा गेला, असं तिला वाटलं.

"ह्यांचा काय करणार?"

"रद्दीत जातील. पण प्रत्येक पुस्तकातली त्याच्या नावाची चिठ्ठी मी स्वतः काढलीय. त्याचं नाव रद्दीत जाणार नाही." वेदिकाने चिठ्ठ्यांची चळत तिच्या हातात ठेवली आणि जरा अडखळून म्हणाली, "अजून एक सांगायचंय. यातली तीन पुस्तकं हरवलीत. मुलांनी नेली ती परत आणलीच नाहीत. एकजण पावस गावचा होता. पत्रं पाठवली, दंड लावला, काही उपयोग झाला नाही. तुमची वस्तू आम्हाला सांभाळता आली नाही. माफ करा, मावशी."

गोदूबाईने मान वर केली.

"नेली ती ठेवूनच घेतली?"

"हो."

"म्हंजे आवडली असतील गो त्यांना. माफी कसली मागतेस? विकलेली मासळी कदी पाटीत परत येते काय? ऱ्हायली तिचाच घोर असतो."

गोदूबाईने हातातल्या चिठ्ठ्या सारख्या केल्या.

"त्या तीन पुस्तकांतल्या चिठ्ठ्या ह्यात हायत?"

"त्या कशा काढणार, मावशी? त्या पुस्तकांतच राहिल्या."

"म्हंजे त्याचा नाव तिथं हाय."

"आहे. पहिल्याच पानावर."

आता मात्र तिला रडू आवरेना. पदर डोळ्यांना लावून ती बराच वेळ तशीच बसून राहिली. वेदिका शेजारी बसली. मग गोदूबाई उठली, चिठ्ठ्या कमरेला खोचल्या आणि गठ्ठ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "ने ही." दारात चपला घालताना मागे वळली.

"आनि बाय, त्या पोरांना आता पत्र धाडू नको. ऱ्हऊंदे त्यांच्याकडं."