सोयऱ्यांकडची करवंदं

धसईच्या बाजारात बारकूची करवंदं हातोहात खपायची. उरलीसुरली दुसऱ्या दिवशीही टणक आणि काळीभोर. त्यात जादू काही नव्हती. ऊन चढायच्या आत तोडायची, फुटकी वेगळी काढायची, सावलीत पसरायची, पाणी अजिबात लावायचं नाही आणि पळसाची पानं घालून बांबूच्या टोपलीत मोकळी ठेवायची. एवढं सगळं ज्याला कळतं, तो माणूस लेकीच्या घरी मात्र दर वैशाखात नासकी करवंदं घेऊन जायचा. याला काय म्हणावं!

लेक रेश्मा आटगावला दिलेली. जावई कल्याणला कंपनीत, घरात फरशी, नवाकोरा फ्रिज. अशा घरी धुळीची करवंदं कशी न्यायची? म्हणून बारकूची बायको गोजाबाई ती विहिरीच्या पाण्यानं खळखळून धुवायची आणि ठेवणीतल्या स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून भरायची.

"सोयऱ्यांच्या दारात काय पाल्याची टोपली नेतात? हसतील आपल्याला."

बारकूलाही ते पटायचं. संताप यावा तो याचाच! मग मुरबाड, शहापूर करत, उन्हानं तापलेल्या एसटीत तो डबा मांडीवर धरून आटगाव गाठायचा. झाकण उघडलं की भपकन आंबूस वास यायचा आणि तळाशी काळं पाणी साचलेलं असायचं.

"फ्रिजमदी तरी कशी ठेवू ही?" विहीण अंबूबाई नाक मुरडून म्हणायची.

एवढ्यावर भागलं असतं तर बारकूनं गिळलं असतं. पण पुढं वर्षभर रेश्माची भाजी खारट झाली तरी माहेरची करवंदं निघायची. "नासकं देणारी माणसं, शिकवणार तरी काय?" रिकाम्या हातानं जाण्याची सोय नाही, आणि काही न्यावं तर लेकीला बोलणी. बारकू स्वतःवरच चरफडायचा.

नव्व्याण्णव साली मात्र त्याचं डोकं फिरलं. गोजाबाई टोपली उचलून विहिरीकडं निघाली, तशी त्यानं ती हिसकावून घेतली.

"एक थेंब लावशील तर बघ!"

"माझ्या पोरीची अब्रू जाईल."

"अब्रू तुझ्या डब्यातच सडते गो दरसाल!"

तसाच टोपली घेऊन तो निघाला. वाटेत दहादा पानं बाजूला करून बघितलं. एकही करवंद पिचलं नव्हतं.

अंबूबाईनं एक तोंडात टाकलं, मग दुसरं, मग मूठभर घेतली. बारकूची छाती फुगली.

"यंदा सुदारलात हां," ती म्हणाली. "शहापूरच्या बाजारातनं घेतलीत ना? मी बोलतच होते, तुमच्या रानातलीच खराब."

बारकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं तोंड उघडलं, तोच स्वयंपाकघराच्या दारात उभ्या रेश्माकडं नजर गेली. तिनंही एक करवंद खाल्लं होतं. आपल्या डोंगरावरची चव तिला कळणार नाही? पण ती बापाकडं बघून हळूच मान हलवत होती. नको, बाबा.

"हां," बारकू म्हणाला. "शहापूरचीच."

"मग आता दरसाल तिथनंच आणा."

बारकूनं मान डोलावली, आणि करवंदीच्या जाळीच्या काट्यांनी ओरबाडलेले हात मांडीखाली सरकवले.