सर्वांत आधी श्रद्धांजली

शेजारच्या वर्गावरच्या मॅडमवर मी दोन वर्षं मनापासून जळलो. अर्धवट काम मला जमत नाही, त्यामुळे जळण्यातही कसूर ठेवली नाही.

आमची शाळा वालूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा आमच्याकडे जमतात. त्याला शिक्षण परिषद म्हणतात. एकजण खऱ्या मुलांना समोर बसवून नमुना पाठ घेतो आणि बाकीचे मागे बसून पोहे खातात. हा पाठ कित्येक वर्षं माझाच. मी रडून दाखवायचो, घोडा होऊन दाखवायचो. एकदा पानिपत शिकवताना टेबलावरून खाली आलो, तर तेही पाठातलंच समजून टाळ्या पडल्या.

मग सेलूहून स्कूटीवर येणाऱ्या या मॅडम आल्या. त्यांचं फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. पोरं माझ्या वर्गात हसायची आणि त्यांच्या वर्गात प्रश्न विचारायची. हसू मला पुरत होतं, पण भिंतीपलीकडून प्रश्न ऐकू यायला लागले की पुरेनासं व्हायचं.

एके दिवशी केंद्रप्रमुख आले. म्हणाले, "या खेपेला विषय नवा हाय. मोबाईलवर आलेली माहिती खरी का खोटी, पोरांनी कसं तपासायचं? तुमी दोघंबी पाठाचं टाचण काढा. ज्याचं पटंल त्याचा पाठ."

दोघंबी!

मी परभणीला जाऊन मोठा फ्लेक्स छापून आणला. त्यावर चौदा कसोट्या होत्या. 'लेखकाची पात्रता', 'हेतूची निष्पक्षता', 'संकेतस्थळाची विश्वासार्हता' असा सगळा थाट. मला स्वतःला त्यातल्या सहाच पाठ व्हायच्या.

मॅडमची वही टेबलावर उघडी होती. खडू शोधायच्या निमित्ताने मी वाचली. अर्धं पान! मुलांनी घरच्या मोबाईलवरचा एक मेसेज उतरवून आणायचा आणि चार प्रश्न विचारायचे. हे सांगतंय कोण? त्याला कसं कळलं? हे कधीचं आहे? ज्याच्याबद्दल आहे, त्यालाच विचारलं का?

इतकं सोपं मला का सुचलं नाही, या विचाराने माझ्या अंगाचा भडका उडाला.

"मॅडम, हे टाचण हाय का किराण्याची यादी?"

"यादीच समजा सर," त्या हसून म्हणाल्या. "किराणा पोरं विसरत नाहीत."

केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तीच तऱ्हा. वाढदिवस असो की बदली, पहिला मेसेज मॅडमचा आणि माझा सतरावा. बायको म्हणायची, "पहिल्याला काय बक्षीस हाय का?" तिला कसं सांगू?

रविवारी सकाळी ग्रुपवर एक फोटो आला. आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मला फळ्यासमोर उभं राहायला त्यांनी शिकवलं. फोटोभोवती फुलांची चौकट, खाली तेवती समई. आमच्याकडचे बॅनरवाले वाढदिवसाला आणि दहाव्याला एकाच फाईलमधली फुलं लावतात. फोटोखाली एक पत्रिकाही होती, पण रेंज धड नव्हती. ती नुसती गोल गोल फिरत राहिली.

मला खरोखर भरून आलं. हे आधी सांगून ठेवतो. पण डोळे पुसता पुसता दिसलं की मॅडमचा मेसेज अजून पडलेला नाही.

'भावपूर्ण श्रद्धांजली.' पुढे जोडलेले हात, तीन वेळा. सर्वांत आधी! माझ्या मागोमाग अख्खा ग्रुप शोकात बुडाला. केंद्रप्रमुखसुद्धा.

थोड्या वेळाने फोन वाजला. मुख्याध्यापकांचाच.

"काय रे, मी पोखर्णीला दर्शनाच्या लाईनीत उभा हाय. तू मला कुठं पाठवायलास?"

"सर... तुमी..."

"पंचाहत्तर पुरी झाली म्हणून पोरांनी सत्कार ठेवलाय. पत्रिका वाचली न्हाई का? येताना हार घेऊन ये, आणलाच असशील. आन् तुमच्या त्या मॅडमचा फोन येऊन गेला मघाशी. तिचीबी पत्रिका उघडली न्हवती. मग तिनं सरळ विचारलं."

मेलेला माणूस जिवंत असल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण शेवटचं वाक्य जास्त लागलं.

पाठ कुणाला मिळाला, हे सांगायला नको. परिषदेच्या दिवशी माझा फ्लेक्स फुटक्या खिडकीला लावला होता. मॅडमनी पडद्यावर माझा मेसेज दाखवला. नावावर काळी पट्टी. मागे पोह्यांचे ठसके लागले, कारण मुलं सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नाव उघडं ठेवलं असतं तर निदान नीट भांडता आलं असतं. हा चांगुलपणा मला सोसेना.

मी उभा राहिलो. "मॅडम, पट्टी काढा. मेसेज माझा हाय."

लाज होतीच, पण समोर दुसरं कुणी उभं आहे आणि मी मागे बसलोय, हेही होतं.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, तुमाला कोणी सांगितलं?"

"कोणीच न्हाई."

"मग कळलं कसं?"

"फुलं पाहिली."

"त्यांला फोन लावला का?"

"न्हाई."

"का?"

इथे मला काहीही रचता आलं असतं. रेंजचं कारण होतं, दुःखाचं होतं. पण तिची पेन्सिल वहीवर टेकलेली होती.

"मला मॅडमच्या आधी टाकायचा होता," मी म्हणालो.

सभागृह हसून कोसळलं. केंद्रप्रमुखांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मुलगी मात्र हसली नाही. तिने लिहून घेतलं आणि मॅडमकडे वळली. "मग अजून एक प्रश्न लागतो, मॅडम. सांगणाऱ्याला एवढी घाई कशाची हाय?"

मॅडमनी तो फळ्यावर लिहिला. छापल्यासारख्या अक्षरात. पाचवा.

आता हा पाठ परभणीत जिल्ह्याच्या शिक्षकांसमोर व्हायचा आहे. मॅडमचाच. त्यांनी टाचण मला दाखवलं. शैक्षणिक साहित्य: फळा, खडू, मोबाईल, सर. मी मान्य केलं. 'का?'नंतर किती वेळ गप्प राहायचं, ते सध्या आरशासमोर बसवतोय.

मॅडमवर मी आता जळत नाही, देवाशपथ. पण ती पहिल्या बाकावरची मुलगीसुद्धा परभणीला येणार आहे, आणि टाळ्या कुणाला पडणार ते मला आत्ताच दिसतंय.