उतार आणि उतारा

मंदा आमच्या जमीन-नोंदींच्या कचेरीत रुजू झाली, त्या दिवशी मी आणि रामटेके, आम्ही दोघा शिपायांनी तिला चाकाच्या खुर्चीसकट उचलून तीन पायऱ्या चढवलं. "सांभाळून गा," ती म्हणाली, "मी देवीची मूर्ती नाही. पडली तं शिव्या देईन."

खापा गावच्या विणकराची लेक. पोलिओने लहानपणीच दोन्ही पाय गेले, जीभ मात्र धोट्यासारखी चालायची. स्वच्छतागृह बाहेर अंगणात, त्यामुळे तिथे जायलाही तिला आम्हालाच हाक मारावी लागे. मला वाटे, काय पुण्य लागतंय आपल्याला. ती म्हणे, "तुमचं पुण्य वाढून राहिलं वामनभाऊ, अन् मी चहा प्यायले भिऊन राहिली."

दोन हजार सोळा सरता सरता अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा संसदेत मंजूर झाला. मंदाने सगळ्या कचेरीला तर्री पोहे खाऊ घातले आणि अर्ज टाकला: 'कायद्यानुसार दाराशी उतार मिळावा.'

आमच्याकडे दिवसभर सातबाराचेच उतारे. आवकच्या कारकुनाला वाटलं, बाई काना विसरली. त्याने मोठ्या मनाने आपल्या पेनाने काना देऊन टाकला. आठवड्याने लेखी उत्तर आलं: 'उतारा हवा असल्यास मौजा व गट क्रमांक नमूद करावा.'

मंदा हसून हसून खुर्चीतून घसरायची बाकी राहिली. मग तिने नमूद केलं. मौजा: आपलंच दार. गट क्रमांक: तीन पायऱ्या. पीक: वामनभाऊची कंबर.

वाचून साहेबही हसले. मला बोलावून म्हणाले, "वामनराव, उचलायचा त्रास होतो का?" मी मूर्ख. छाती फुगवून म्हणालो, "छे साहेब, सेवा आहे." झालं, अर्ज निकाली.

संध्याकाळी मंदा हसली नाही. "त्यायनं तुमचा त्रास विचारला भाऊ. माझा कोणी विचारला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती पायऱ्यांखालीच थांबली. "आज मले उचलू नका." या वेळी मला अक्कल आली. तिचं टेबल, शिक्के, रजिस्टर, सगळं खाली नेऊन मांडलं. लोक तिथेच येऊ लागले. साहेबांना सहीसाठी खाली यावं लागे, आणि ती गोड आवाजात म्हणे, "जपून साहेब, दमले तं वामनभाऊ उचलतीन." पाचव्या दिवशी गवंडी आला.

उतार तयार झाला त्या सकाळी ती एकटी वर गेली. मग खाली आली. पुन्हा वर. असं सात वेळा. साहेब फाइल घेऊन ताटकळत उभे. "थांबा साहेब, कायदा लागू होऊन राहिला." रामटेके तर चक्क नाचला. त्या दुपारी ती तीन कप चहा प्यायली.

मागच्या वर्षी तिने स्वतःहून बदली मागितली, अकरा पायऱ्यांच्या कचेरीत.

"काहून जाऊन राहिली वं?" मी विचारलं.

"तिथं लोकं खालूनच परत जाऊन राहिले, भाऊ."

तिला निरोप देताना मी रडलो, लपवलंही नाही. गाडी गेली. परत वर येता येता लक्षात आलं, कित्येक वर्षांत त्या तीन पायऱ्या मीही चढलेलो नाही. गुडघे बोलतात आता. उतारानेच जातो.