दिवे ठीक

फडफडणाऱ्या ट्यूबलाइटखाली तुम्ही किती वेळ बसू शकाल? दहा मिनिटं? लुंटेरेन या डच गावाजवळच्या एका शेडमध्ये नऊ हजार कोंबड्या रोज सोळा तास काढतात, आणि वर अंडीही देतात.

रीका त्या शेडवर अठ्ठावीस वर्षं कामाला. सकाळी आत शिरायचं ते बादली घेऊनच, मेलेल्या उचलायला. रोज दोन, फार तर तीन. या हिवाळ्यात मालकाने, एव्हर्टने, स्वस्तातले नवे दिवे लावले आणि आठवड्यात बादली पुरेना. कोंबड्या एकमेकींच्या पाठी रक्त येईस्तोवर टोचत होत्या.

"एव्हर्ट, दिव्यांतच खोट आहे."

"मावशी, चष्मा बदल. लख्ख उजेड आहे की!"

उजेड लख्खच होता. खोट दाखवायची तर काय दाखवणार? रोजच्या तक्त्यावर 'दिवे ठीक' लिहून ती मुकाट सही करत राहिली.

मग एकदा जनावरांच्या डॉक्टरांना फोटो पाठवायला तिने जखमी कोंबडीवर मोबाइल धरला, तर पडद्यावर काळे पट्टे सरकू लागले. दिवे लुकलुकत होते. माणसाला ते कळत नव्हतं. कोंबडीच्या तल्लख डोळ्यांना जागेपणी क्षणाची उसंत नव्हती.

एव्हर्टने पट्टे पाहिले. उठून बटण फिरवलं, शेडमध्ये तिन्हीसांज झाली.

"घे. दिसलंच नाही तर टोचतील कशाला?"

"अरे, मंद केले तरी लुकलुकणारच! जुने दिवे कोठारात धूळ खातायत, ते लाव ना!"

"अंडी येतायत ना? मग झालं."

येत होतीच. उजेडाचे तास भरले की कोंबडीचं शरीर अंडं घडवतं. अंगावर पिसं उरलीत का, हे ते विचारत नाही. दुसऱ्या दिवशी रीकाने चाचपडत एकेचाळीस उचलल्या. त्यातल्या एकीत धुगधुगी होती. तिची मान रीकालाच पिरगळावी लागली.

तिने तक्रार केली. तपासणी खात्याच्या साहेबांनी शेडचं दार उघडण्याचेही कष्ट घेतले नाहीत, तक्ते मागवले. साठ दिवस, साठ सह्या.

"बाई, तुम्हीच लिहिलंय की, दिवे ठीक!"

"लिहिलं. चुकले. मला काय करायचं ते करा, पण आधी ते दिवे उतरवा."

उतरवलं तिलाच, कामावरून. निष्काळजीपणाचा ठपकाही तिच्याच माथी. दिवे अजून तिथेच जळतायत, आणि खाली कोंबड्या.

तुम्ही आजच त्या खात्याला पत्र टाका: तक्ते मिटा, शेडमध्ये जा.