एक्केचाळिसावा टॉवर

प्यो दोक-सूंना आमच्या ऑफिसात सगळे दादा म्हणायचे, साहेबसुद्धा. विजेच्या लाईनचे टॉवर लोकांच्या जमिनीत उभे करायची परवानगी मिळवणं, हे त्यांचं काम. असल्या माणसाला गावोगाव शिव्या बसतात. दादांना शिव्यांबरोबर किमचीचा डबाही मिळायचा.

किनाऱ्यावरच्या पोलाद कारखान्यात कोळशाऐवजी विजेची भट्टी बसली होती. ती एका शहराएवढी वीज खाणार, आणि तेवढी वीज आणणारी लाईन मेंग आजींच्या टेकडीपाशी अडली होती. चाळीस टॉवर उभे होते. एक्केचाळिसाव्याच्या जागेजवळ आजींच्या नवऱ्याची कबर होती आणि आजी सही देत नव्हत्या. सक्तीनं जमीन घ्यायचा कागद दादांनी दोन वर्षं खणात दाबून ठेवला. ऑक्टोबरात ते निवृत्त होणार होते, आणि लाईन सुरू झालेली बघूनच जायचं त्यांनी मनाशी धरलं होतं.

चुसोकच्या सणाआधी घरची माणसं कबरींवरचं गवत कापतात. आजींचे गुडघे गेलेले, आणि सोलमधला मुलगा तीन वर्षं फिरकला नव्हता. म्हणून दादाच यंत्र खांद्यावर टाकून चढले, मागोमाग मी. त्यांनी कबर लख्ख केली, तांदळाची दारू ओतली, दोनदा कपाळ टेकलं.

खालून आजी ओरडल्या, "अरे टॉवरवाल्या, तो शेजारचा छोन आहे! जन्मभर आमचा बांध कोरला त्यानं. त्याला कशाला पाजतोस?"

"चुकलं, आजी. आता ओतलेली परत कशी घेऊ?"

"राहू दे. फुकटाची सवयच होती त्याला. आमचे हे डावीकडे."

दादांनी तीही कबर साफ केली आणि घाम पुसत तिच्या पायथ्याशी टेकले. गवत गेल्यावर समोरचा समुद्र मोकळा दिसत होता. मी नकाशा उघडून टॉवरची जागा दाखवली. कबरीसमोरच्या त्या दृश्याच्या बरोबर मधोमध.

"इथे नको," दादा म्हणाले. "उद्या तसं लिहून देतो."

"दादा, नवी जागा शोधायची म्हणजे वर्ष जाईल. भट्टी थंड पडून राहील, आणि तुम्ही घरी बसलेले असाल."

"असेन."

मला त्यांचा राग आला, आणि मायाही दाटून आली.

खाली अंगणात आजी वाळत घातलेल्या मिरच्या परतत होत्या. दादांनी त्यांना निर्णय सांगितला.

"मग कुठे उभा करणार?"

"बघू कुठेतरी. वीज तर न्यायलाच हवी, आजी. तोवर कारखाना जुन्या कोळशावरच चालणार, आणि त्याची काजळी तुमच्याच मिरच्यांवर बसते."

आजींनी घरामागचं भातशेत दाखवलं. त्यांचा वर्षाचा तांदूळ तिथलाच.

"इथे मावेल?"

"मावेल. पण तारा तुमच्या दारावरून जातील. इथे राहणं कठीण होईल."

"मी गावात भावजयीकडे जाईन. मला सरकता येतं, बाबा. त्यांना नाही येत."

दादांनी पिशवीतून संमतीचा कागद काढला खरा, पण पुढे करायला त्यांचा हात उठेना.