धुराड्यातली बाळंतीण

ऑस्ट्रेलियात, टूवूंबातलं आमचं घर जुनं, त्यामुळे हॉलमध्ये फायरप्लेस आणि वर विटांचं धुराडं. दसऱ्याला वास्तुशांत ठरली, पण होम कुठे करायचा? जरा धूर झाला की स्मोक अलार्म बोंब ठोकतो. मीच म्हटलं, "अगं आई, आयतं होमकुंड आहे की घरात!" स्वतःच्या हुशारीवर काय खूश होते मी! धुराड्यात डोकावून बघायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

आई त्यासाठीच पुण्याहून आली होती. गुरुजी व्हिडिओ कॉलवर. समिधा पेटल्या, तूप पडलं आणि धूर वर जायचं सोडून थेट आमच्या तोंडावर! अलार्म किंचाळला. नवऱ्याने तो बंद केला, तेव्हा वरून दुसराच आवाज आला. बारीक, घाबराघुबरा चिरचिराट. हे काय असेल म्हणून मी कान देऊन ऐकतेय, तोवर आईने कलश उचलला आणि सगळं पाणी होमात ओतलं. चतुर्थीला खिचडीत मीठ कुठलं घातलंस विचारणारी माझी आई!

"अहो, अग्नी का विझवलात?" गुरुजी ओरडले.

"वर बाळंतीण आहे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धुराडी साफ करणारा आला, त्याने कॅमेरा वर घातला. साळुंकी! आपलीच, पिवळ्या चोचीची. गवताच्या घरट्यात ब्रेडच्या पिशवीचे तुकडे आणि तीन उघड्या चोची. मी स्क्रीनला नाकच लावलं.

"इंडियन मायना. इथे पेस्ट, उपद्रवी पक्षी समजतात. काढून टाकतो, नो वरीज," तो म्हणाला. म्हणजे मारणार, हे मी आईला सांगितलं.

"उडायला किती दिवस लागतील, विचार त्याला."

तीनेक आठवडे. आईचं विमान दहा दिवसांवर होतं आणि व्हिसाही संपत होता. लेकीच्या घराची वास्तुशांत डोळ्यांनी बघायची, एवढंच तिला हवं होतं.

"नंतर ये म्हणावं त्याला," असं म्हणून ती चहा टाकायला गेली. मला रागच आला तिचा. पण रोज शिफ्टला जायच्या आधी मी फायरप्लेसमध्ये डोकं घालून ऐकायचे. आवाज दिवसेंदिवस जाड होत गेला. आई गेल्यावरही मी ऐकत राहिले. मग एका सकाळी काहीच ऐकू येईना. बाहेर धावले, तर तिघंही कुंपणावर!

लगेच आईला फोन लावला.

"बरं झालं गं बाई! आता होम उरकून घ्या."

"तू आल्याशिवाय नाही."

ती म्हणाली, "एवढा प्रवास आता माझ्याच्याने नाही व्हायचा."

"हे तुला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."